हुकलेला कॉल: एका अर्धवेळ कार्यकारी सहायकाचं प्रकरण

माझी वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, आठवड्याचे पाच दिवस. करारपत्रावर वीस तास. संस्था छोटी आहे: शाळा सुटलेल्या मुलींना पुन्हा शिक्षणाकडे वळवणं हे काम, पगारी माणसं अठरा, आणि या सगळ्यांच्या वर कार्यकारी संचालक, ज्यांना शिपायापासून विश्वस्तांपर्यंत सगळे ‘ताई’ म्हणतात. ताईंचं कॅलेंडर, त्यांची मेल, बोर्डाच्या बैठकांचे कागद, प्रवासाची तिकिटं, खर्चाची व्हाउचरं आणि फंडरांशी, म्हणजे अनुदान देणाऱ्या संस्थांशी, होणाऱ्या कॉलची तयारी माझ्याकडे. डिसेंबर २०२४ मध्ये मी रुजू झाले. खालचं प्रकरण त्यानंतरच्या चौथ्या महिन्यातलं आहे. चूक माझी होती हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘आता कोणाचं नाव पुढे येणार’ याची वाट पाहत वाचावं लागणार नाही.

मंगळवार, ११ मार्च २०२५

आमचा सर्वांत मोठा फंडर न्यूयॉर्कचा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांच्या प्रोग्राम ऑफिसरशी, म्हणजे तिकडून आमचं अनुदान पाहणाऱ्या बाईंशी, ताईंचा कॉल असतो. हिवाळ्यात तो तिकडे सकाळी नऊला, आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला. आमच्या कोषाध्यक्ष लंडनला राहतात, त्या तिथल्या दुपारी दोनला येतात.

मार्चचा कॉल नेहमीच्या गप्पांचा नव्हता. अनुदानाच्या दुसऱ्या वर्षात शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचं एक अख्खं सत्र पुढे ढकलावं लागलं होतं, आणि खर्चाच्या त्या शीर्षाखाली (बजेटमधल्या त्या बाबीखाली) बरेच पैसे उरले होते. कुठल्याही शीर्षात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर आधी कळवायचं आणि कारण सांगायचं, अशी करारात अट होती. पैसे उरले म्हटलं की बाहेरच्या माणसाला काटकसर दिसते. फंडरला दिसतं ते न झालेलं काम. ऑफिसरला शुक्रवारी तिच्या समितीसाठी टिपण द्यायचं होतं, आणि त्याआधी तिला ताईंकडून कारण ऐकायचं होतं. जादा पैसे न मागता नुसती मुदतवाढ मागायची, असं आमचं ठरलेलं. मी ताईंसाठी दीड पानाचा तक्ता केला होता: मूळ तारीख, नवी तारीख, किती शिक्षिका, किती शिल्लक, कधी खर्च होणार.

दोन वाजता मी निघाले. तक्ता टेबलावर, कॅलेंडरवर साडेसातचा निळा चौकोन, चौकोनात लिंक.

साडेसहाला प्रोग्राम ऑफिसर कॉलवर आली. कोषाध्यक्षही आल्या. सहा चाळीसला कोषाध्यक्षांनी ताईंना मेसेज टाकला. ताई तेव्हा दुसऱ्या बैठकीत, फोन टेबलावर पालथा. सहा पन्नासला ऑफिसरची मेल आली, चार ओळींची, अतिशय सभ्य, आणि दोघी बाहेर पडल्या. साडेसातला ताईंनी लिंक उघडली आणि बारा मिनिटं एकट्याच बसून राहिल्या. पलीकडच्यांनाच उशीर झालाय असं त्यांना वाटत होतं. मेल त्यांनी पाहिली पावणेआठला. मला फोन केला आठला. मी स्वयंपाकघरात होते, फोन बाहेर चार्जिंगला. मी पाहिला तेव्हा चार मिस्ड कॉल होते आणि पाचवा मेसेज: ‘कॉल साडेसहाला होता??’ ताई कधी दोन प्रश्नचिन्हं देत नाहीत.

घोडं कुठे अडलं

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. २००७ पासून हाच नियम आहे. ब्रिटन आणि युरोप मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबतात. २०२५ मध्ये हे दोन रविवार ९ मार्च आणि ३० मार्चला आले. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाच तासांवरून चार तासांवर येतं. आमच्याकडे घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यामुळे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ आमच्या संध्याकाळी एक तास अलीकडे सरकतात आणि नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहतात.

हे तोंडपाठ असायची गरज नव्हती, कारण कॅलेंडर हे स्वतः सांभाळतं. दर महिन्याला येणाऱ्या बैठकीचं आमंत्रण साधारणपणे ते काढणाऱ्याच्या घड्याळाला बांधलेलं असतं. कॅलेंडरं एकमेकांशी ज्या मानकाने बोलतात, त्या आयकॅलेंडरमध्ये (आरएफसी ५५४५, वर्ष २००९) वेळेसोबत प्रदेशही नोंदवता येतो. म्हणजे नुसते ‘नऊ’ नाहीत, ‘न्यूयॉर्कचे नऊ’. फंडरकडून आलेलं आमंत्रण त्या रविवारी आपोआप सरकलं. कोषाध्यक्षांच्या लंडनच्या कॅलेंडरवरही ते दोनवरून एकवर आलं आणि त्या वेळेवर हजर झाल्या. मूळ आमंत्रण ज्यांच्याकडे होतं त्या दोघी बरोबर. चुकलो ते आम्ही, कारण आमच्याकडे होती माझी प्रत.

जानेवारीत मी ताईंचं कॅलेंडर झाडूनपुसून काढलं होतं. फंडरचं आमंत्रण ताईंच्या जुन्या मेलवर आलेलं, आणि त्याचं शीर्षक म्हणजे फंडरच्या दफ्तरातला अनुदान क्रमांक: चार अक्षरं आणि सहा आकडे. ते वाचून कोणाला काय कळणार? मी नवी नोंद केली, ‘फंडर कॉल, खर्चाचा तक्ता जवळ ठेवणे’, निळा रंग दिला, लिंक चिकटवली, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी साडेसातला, आणि जुनी नोंद दिसेनाशी केली. माझी प्रत आमच्या घड्याळाला बांधली गेली. न्यूयॉर्कचं काय होतंय याचा तिला पत्ताच नव्हता. जानेवारी बरोबर, फेब्रुवारी बरोबर. मार्चमध्ये गाडी रुळावरून घसरली. नीटनेटकं कॅलेंडर हा या कामातला छुपा अहंकार आहे. माझ्यात तो पुरेपूर होता.

एवढ्यावर थांबता आलं असतं: घड्याळाची चूक, यापुढे मूळ आमंत्रणाला हात लावायचा नाही, प्रकरण बंद. पण मला रात्री झोप लागेना ती वेगळ्या गोष्टीने. साडेसहा आणि साडेसातच्या मध्ये पूर्ण एक तास होता. मेल ज्या खात्यात आली ते खातं दिवसभर मीच पाहते. कोषाध्यक्षांना ताई सापडल्या नाहीत, पण आमच्या कार्यक्रम समन्वयक संध्याकाळी उशिरापर्यंत कार्यालयात असतात, ताईंच्या खोलीपासून वीस पावलांवर. त्यांनी बैठकीत डोकावून चिठ्ठी दिली असती तरी काम झालं असतं. त्यांना मात्र त्या दिवशी कॉल आहे हेच माहीत नव्हतं.

मी यायच्या आधी त्यांना हे माहीत असायचं. तेव्हा सगळे एकमेकांना विचारत, ताईंच्या दारावर एक कागद लावलेला असे, वेळा चुकत, पण चूक कोणाच्या तरी लक्षात येई. मी आले आणि सगळे मला विचारू लागले. दारावरचा कागद मीच काढला, कारण कॅलेंडर असताना कागद कशाला? ताईंचा दिवस दोन वाजेपर्यंत माझ्या डोक्यात असायचा. दोननंतर तो कोणाच्याच डोक्यात नसायचा.

दुसरी सकाळ

बुधवारी दहाच्या आधीच पोचले. ताई रागावल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, “नेटवर्क गेलं होतं असं लिहून टाक. सगळ्यांचं जातं.”

ताईंच्या खात्यातून त्यांच्या वतीने मेल पाठवायची मुभा मला आहे. त्यांच्या भाषेत लिहिणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग आहे. पण त्या वाक्यावर माझा हात थांबला. मी म्हटलं, “ताई, कोषाध्यक्ष त्याच कॉलवर होत्या. त्यांना आपण काय सांगणार? आणि शुक्रवारी ती समितीला आपल्या शब्दावर टिपण देणार आहे.”

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं. तू लिही, मी बघते.”

पहिल्या मसुद्यात मी माझी चूक तीन परिच्छेद कबूल केली होती. ताईंनी दोन खोडले. “तिला तुझा पश्चात्ताप नकोय, तिला शुक्रवारच्या आत उत्तर हवंय.” गेलेली मेल अशी होती: आमच्या कॅलेंडरवर तुमच्याकडच्या घड्याळबदलाची नोंद झाली नव्हती, ही चूक आमची, तक्ता सोबत आहे, आज किंवा उद्या तुमच्या सोयीच्या कोणत्याही वेळी पंधरा मिनिटं द्या, आणि ते जमलं नाही तर तुमचे प्रश्न लिहून पाठवा, बारा तासांत उत्तर देऊ.

पंधरा मिनिटं मिळाली नाहीत. प्रश्न आले, सात. बोलण्यात जे ‘हो, ते सत्र जूनमध्ये होतंय’ एवढ्यावर सुटलं असतं, त्याला लेखी पुरावे लागले: शिक्षिकांची यादी, जागेचं पत्र, सुधारित वेळापत्रक. समन्वयक आणि लेखापाल दीड दिवस दुसरं काही करू शकले नाहीत. हा खरा भुर्दंड, आणि तो मला नाही, त्या दोघांना पडला. सहा महिने मागितले होते, मे महिन्यात चार मंजूर झाले. कॉल झाला असता तर सहा मिळाले असते का? ताईंना वाटतं, मिळाले असते. मला खात्री नाही. सत्र पुढे ढकलण्याचं आमचं कारणच जरा लंगडं होतं.

वीसच तास का

या घटनेनंतर ताई सरळ म्हणाल्या, “तू पूर्णवेळ हो.” मलाही ते बरं वाटलं. मग लेखापालांनी विचारलं, “पगार कुठे बसवायचा?”

बाहेरून हे पद पाहणाऱ्याला इथली मेख दिसत नाही. माझे वीस तास ताईंना किती मदत लागते हे मोजून ठरलेले नव्हते. प्रशासकीय खर्चाच्या शीर्षात जेवढे पैसे उरत होते, त्यांना भागिले ताशी दर केलं आणि वीस आले. देणगीदाराला प्रकल्पावरचा खर्च आवडतो, कार्यालयावरचा नाही. म्हणून संस्था कार्यालय पातळ ठेवतात, पातळ कार्यालयात चुका होतात, आणि चुकांचा खर्च प्रकल्पातल्या माणसांच्या वेळातून निघतो. आमच्या दीड दिवसात हे साखळीसारखं घडलं. या दुष्टचक्रावर २००९ मध्ये स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यूमध्ये गाजलेला लेख आला होता. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, स्वयंसेवी संस्थांना जोखणाऱ्या, तीन संस्थांच्या प्रमुखांनी अमेरिकेतल्या देणगीदारांना उघडं पत्र लिहून, प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका असं सांगितलं. तिथल्या सरकारी अनुदानांत वाटाघाट न करता लावता येणारा अप्रत्यक्ष खर्चाचा (म्हणजे कोणत्याही एका प्रकल्पावर थेट न टाकता येणाऱ्या, कार्यालय चालवण्याच्या खर्चाचा) दर १ ऑक्टोबर २०२४ पासून दहा टक्क्यांवरून पंधरा झाला. वारं हळूहळू फिरतंय. आमच्या शीर्षात मात्र तेव्हा काही फिरलेलं नव्हतं.

लेखापालांनी एक वाट सुचवली: माझ्या वेळेचा काही भाग थेट या अनुदानावर टाकायचा. अमेरिकी सरकारी नियमांतही प्रशासकीय पगार एरवी अप्रत्यक्षच धरतात. तो थेट टाकायचा तर ते काम प्रकल्पाचा अविभाज्य भाग हवं, त्या प्रकल्पापुरतं वेगळं दाखवता यायला हवं आणि तोच पैसा अप्रत्यक्ष दरातून पुन्हा वसूल होता कामा नये. आमचा फंडर खासगी, त्याचे नियम त्याचे, पण तर्क हाच. म्हणजे आधी वेळेची नोंद हवी. मी दोन आठवडे दर पाव तासाची नोंद ठेवली.

या नोंदीने मला माझ्याबद्दलच जे कळलं ते पगारापेक्षा कामाचं निघालं. वीस तासांचे होत होते पंचवीसच्या वर. वरचा बहुतेक वेळ दोननंतरचा, पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत: फाइल कुठे आहे, उद्या किती वाजता, त्यांचं उत्तर आलं का, तिकीट कोणाच्या मेलवर आहे. ओळीने वाचलं तेव्हा दिसलं की यातल्या निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं मला दोन वाजताच ठाऊक होती. मी ती सोबत घेऊन घरी गेले होते, एवढंच.

काय बदललं, काय नाही

प्रत न काढण्याचा नियम एका ओळीचा आहे: दुसऱ्याच्या आमंत्रणाचं शीर्षक कितीही कुरूप असो, तेच ठेवायचं. तयारीसाठी स्वतंत्र नोंद करायची असेल तर तिच्यात वेळ आणि लिंक टाकायची नाही. कॅलेंडरच्या डाव्या कडेला न्यूयॉर्क आणि लंडनच्या वेळेचे दोन जादा पट्टे लावले. झालं.

जास्त वेळ लागला तो चिठ्ठीला. रोज पावणेदोनला मी दुपारची चिठ्ठी लिहिते, ताई आणि समन्वयक दोघांना. पहिल्या आठवड्यातल्या चिठ्ठ्या आता वाचवत नाहीत, इतक्या लांब. मी दिवसभर काय काय केलं याचा अहवालच असायचा तो. ताईंनी तिसऱ्या दिवशी वाचणं सोडलं आणि तसं सांगितलंही. आता ती अशी असते, एप्रिलमधली एक जशीच्या तशी:

‘आज ४ ला लेखापरीक्षक, कागद निळ्या फाइलमध्ये, ताईंच्या टेबलावर डावीकडे. सहीला दोन पत्रं, दुसऱ्यातली तारीख वाचून मगच सही. उद्याचं तिकीट ताईंच्या फोनवर आणि छापून पाकिटात. वाट पाहतोय: जागेच्या मालकांचं उत्तर. आज आलं तर समन्वयकांनी ‘हो’ म्हणायचं, ताईंना विचारायला नको. बाकी काही आलं तर उद्या दहाला.’

सगळं वजन ‘विचारायला नको’ यात आहे. फाइल कुठे आहे हे सांगणं सोपं असतं. निर्णय कोणी घ्यायचा हे दोनच्या आत ताईंकडून वदवून घेणं अवघड, कारण ताईंना तेव्हा ते अजून घ्यायचेच नसतात. ‘आलं तर बघू’ हे त्यांचं आवडतं वाक्य. मी आता विचारते, “आलं तर कोण बघू?” पहिल्यांदा त्या चिडल्या. मग हसल्या. अजूनही काही दिवस उत्तर मिळत नाही, आणि त्या दिवशी चिठ्ठीत तसंच जातं: ‘ठरलेलं नाही.’ समन्वयकांच्या मते हे दोन शब्द सर्वांत उपयोगी, कारण निदान कशाकडे लक्ष ठेवायचं ते कळतं.

दोननंतर फोन न घेण्याचं मी ठरवलं होतं, ते साफ फसलं. ताईंचा फोन आला की मी घेते. फोन कमी झालेत, हे खरं. दारावरचा कागद परत लावलाय. तो कार्यालयातले सगळे वाचतात, कॅलेंडर कोणी उघडत नाही.

पूर्णवेळ काही झालं नाही. नोंदींच्या आधारे पुढच्या प्रस्तावात माझे आठवड्याचे चार तास अनुदानाच्या अहवालकामासाठी थेट खर्चात मागितलेत, उत्तर यायचंय. मात्र एक गोष्ट पैशाशिवाय झाली, आणि ती इतकी साधी होती की आधी का सुचली नाही याची लाज वाटते. वीस तास रोज दहा ते दोनच असले पाहिजेत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लेखापालांनी करारपत्र काढून दाखवलं: ‘आठवड्याला वीस तास, परस्पर सोयीने.’ दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी माझे चार तास आता कॉलच्या वेळेकडे सरकतात.

११ नोव्हेंबरला कॉल पुन्हा साडेसातवर गेला, न्यूयॉर्कची घड्याळं २ तारखेला मागे गेली होती म्हणून. त्या दिवशी मी चारला आले. सात वीसला ताईंच्या खोलीत गेले तर त्या आधीच लिंक उघडून बसल्या होत्या, तक्ता समोर, आणि हातात दारावरून काढून आणलेला कागद. त्यावर पेनाने साडेसहा खोडून साडेसात केलेलं होतं. अक्षर समन्वयकांचं.